लोखंड कापणारी करवत

नाशिकच्या दक्षिण भागांत, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, इंदिरानगर नांवाची वसाहत आहे. तेथील एखाद्या उंच गच्चीवर उभें राहून नैर्ऋत्येकडे दृष्टि टाकली तर त्रिरश्मि डोंगर दिसतो. पांडवलेणीं म्हणून प्रसिद्ध असलेलीं चोवीस लेणीं ह्याच डोंगरांत आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं हा काळा कातळ ज्यांनीं पोखरला, त्यांच्या हातांत लोखंडाची छिन्नी आणि हातोडा ह्यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. त्याच लेण्यांतील एका शिलालेखांत, आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या काळीं कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून रक्कम दिल्याची नोंद आहे. त्या श्रेणींत कुंभार आणि तेली ह्यांच्या जोडीला ‘ओदयंत्रिक’, म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणारे, ह्यांचेंहि नांव येतें. यंत्रें घडविणारे हात ह्या परिसरांत किती जुने आहेत, हें त्यावरून ध्यानांत यावें.

लोखंडानें दगड कसा कापला, हें लेण्यांच्या भिंतींवरील घावांवरून आजहि वाचतां येतें. परंतु खुद्द लोखंड कशानें कापावें, हा प्रश्न त्याहून अवघड आहे; आणि तो आतां ह्या डोंगरासमोरच्या गच्च्यांवर नव्यानें उभा राहिला आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं केंद्र सरकारनें ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज उत्पन्न करण्याचा तिचा संकल्प आहे, आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तींत सोय आहे. अशा एका संचाला सुमारें साडेपांचशें वॅटचे सहा पॅनेल लागतात. एकेक पॅनेल सव्वादोन मीटर लांब व मीटरभराहून थोडा अधिक रुंद. ते दक्षिणेकडे तोंड करून, नाशिकचा अक्षांश वीस अंशांच्या आसपास असल्यामुळें साधारण तितक्याच उतरणीवर बसवावे लागतात. त्यांना वाऱ्यापावसांत धरून ठेवणारा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. हा सांगाडा म्हणजे पाईप आणि पट्ट्या. आणि पाईप म्हटले कीं कापणें आलें.

घरमालक पॅनेलची किंमत विचारतो, विजेचें बिल किती उतरेल तें विचारतो. पाईप कोणत्या करवतीनें कापला, हें तो सहसा विचारीत नाहीं. परंतु हा संच पंचवीस वर्षें टिकेल ह्या हिशेबानें त्यानें पैसे घातलेले असतात, आणि सांगाडा गंजूं लागतो तो बहुधा जेथें कापला आणि जेथें भोक पाडलें तेथूनच. करवतीची निवड ही कारागिराची खाजगी बाब राहत नाहीं, ती ह्यामुळें.

‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ ह्याचें रूप आहे. सुश्रुतसंहितेंत शल्यचिकित्सेचीं वीस शस्त्रें सांगितलीं आहेत, त्यांत करपत्राची गणना आहे. हाड कापण्यासाठीं तें वापरीत. लांकूड आणि हाड ह्यांवर दांतांचें पातें चालतें, कारण पात्याचा धातु त्या पदार्थांहून कठीण असतो. दगडावर ही युक्ति चालत नाहीं. प्राचीन मिसर देशांतील कारागिरांनीं तांब्याच्या पात्यांनीं ग्रॅनाइट कापला, हें ऐकून कोणासहि नवल वाटेल, कारण तांबें ग्रॅनाइटपेक्षां किती तरी मऊ. तेथें कापण्याचें खरें काम पात्याखालीं घातलेल्या वाळूचे कण करीत. पातें त्या कणांना केवळ पुढेंमागें ओढी. अर्थात् कापण्याचीं दोन घराणीं प्राचीन काळापासूनच आहेत. एक दांताचें, दुसरें कणाचें. दांत पदार्थाचा तुकडा खणून काढतो. कण त्याला घांसून झिजवितो. पुढें लोखंडाच्या बाबतींतहि हींच दोन घराणीं समोरासमोर आलीं.

फार काळ मात्र लोखंड करवतीनें कापीतच नसत. लोहार लोखंड लाल करी, ऐरणीवर ठेवी आणि छिन्नीवर घणाचे घाव घालून त्याचे दोन तुकडे करी. जुन्या नाशकांतील तांबट मंडळींचें काम तांब्यापितळेचें. पत्रा त्यांच्या कातरीला दाद देई. भांड्यांच्या ह्या व्यवसायानें नाशिकचें नांव दूरवर गेलें, आणि तांबट लेन हें नांव अजून टिकून आहे. पण जाड लोखंडाशीं गांठ पडली ती आगगाडीमुळें. १८६५ सालीं थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीस पोंचली. त्या काळीं रूळ कापावयाचा म्हणजे छिन्नीनें चोहोंकडून खांच पाडावयाची, आणि मग घणाच्या घावानें तो त्या खांचेवर मोडावयाचा, ही रीत जगभर रूढ होती. तुकडा हवा तेथें मोडे, परंतु कडा ओबडधोबडच राही.

लोखंडाला लोखंडानेंच कापावयाचें तर कापणारें लोखंड अधिक कठीण हवें, आणि तें तापलें तरी कठीण राहिलें पाहिजे. ह्या दुसऱ्या अटींतच सर्व इतिहास सामावला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास शेफील्ड येथें बेंजामिन हंट्समन ह्यानें मुशींत पोलाद वितळविण्याची पद्धति बसविली, आणि एकसारखें पोलाद मिळूं लागलें. मुशींतील पोलादाची विद्या दक्षिण हिंदुस्थानास त्यापूर्वीं कित्येक शतकें अवगत होती; ‘वूट्झ’ ह्या नांवानें तें परदेशीं जात असे, आणि त्याचें रहस्य शोधण्यासाठीं मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानें १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट ह्याच्यासह प्रयोगांवर प्रयोग केले. विजेच्या शास्त्राचा हा आचार्य एके काळीं आपल्याकडील पोलादाच्या वड्यांपुढें बसला होता, हें विसरूं नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कमानींत ताणून बसविण्याचें, झिजलें कीं फेकून देण्याचें पातळ पातें बाजारांत आलें. हाच हॅक्सॉ. ह्या साध्या हत्यारानें एक नियम शिकविला, आणि तो आजच्या विजेच्या करवतींनाहि लागू आहे. ज्या धातूंतून पातें जातें त्याच्या जाडींत एका वेळीं किमान दोन-तीन दांत असले पाहिजेत. एका इंचांत चौदा, अठरा, चोवीस किंवा बत्तीस दांत, अशीं पातीं मिळतात. भरीव गजाला मोठे दांत चांगले. पण दोन मिलिमीटर जाडीच्या पाईपाला चौदा दांतांचें पातें लावलें तर पाईपाची कड दोन दांतांच्या मध्यें अडकते आणि दांत मोडतो. तेथें बत्तीस दांतांचें पातेंच हवें. इंदिरानगरच्या गच्चीवर लागणारे पाईप बहुधा असेच पातळ असतात. विजेचें यंत्र घेतांना दुकानदार अश्वशक्ति आणि वॅट सांगतो, चकतीच्या दांतांची संख्या मात्र गिऱ्हाइकाला स्वतः विचारावी लागते.

तापलें तरी कठीण राहणारें पोलाद १९०० सालीं जगापुढें आलें. अमेरिकेंत बेथलेहेम येथील कारखान्यांत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट ह्यांनीं टंगस्टन मिसळलेल्या पोलादावर विशिष्ट उष्णसंस्कार करून हें हत्यार सिद्ध केलें, आणि त्या वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याचें टोंक लाल होईपर्यंत तापलें असतांहि तें धातु कापीत राहिलें. प्रेक्षक थक्क झाले. त्यानंतर १९२३ सालीं जर्मनींत कार्ल श्रोटर ह्यानें टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टच्या बंधनानें घट्ट केली. क्रुप कंपनीनें हा पदार्थ ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, ह्या नांवानें विकला. आज चकतीच्या प्रत्येक दांतावर जो करडा तुकडा डांख देऊन बसविलेला दिसतो, तो हाच कार्बाइड.

पट्ट्याची करवत, म्हणजे बँडसॉ, ही कल्पना त्याहून जुनी. विल्यम न्यूबेरी ह्यानें तिचें पेटंट लंडनमध्यें १८०८ सालींच घेतलें होतें. परंतु पट्ट्याचीं दोन टोकें जोडावीं कशीं, हें कोणास साधेना. सांधा थोड्याच वेळांत तुटे. १८४६ सालीं ॲन पॉलिन क्रेपँ ह्या फ्रेंच बाईनें टिकाऊ सांध्याची कृति शोधली आणि यंत्र चालूं लागलें. एका स्त्रीच्या ह्या शोधाचा उल्लेख यंत्रशास्त्राच्या ग्रंथांतून फार क्वचित् येतो. तरीहि पट्टा लांकूडच कापीत राहिला. १९३३ सालीं लेटन विल्की ह्या अमेरिकन कारागिरानें त्याला धातूच्या नाजुक कामावर आणलें, आणि तेव्हांपासून कारखान्यांत बँडसॉला मानाचें स्थान मिळालें.

येथवर दांताचें घराणें झालें. कणाच्या घराण्याला नवा जन्म दिला तो १८९१ सालीं एडवर्ड ॲचेसन ह्यानें. हिरा करण्याच्या खटपटींत असतां त्याच्या विजेच्या भट्टींत निळसर, चकाकणारे स्फटिक निघाले. ते हिरे नव्हते. ते सिलिकॉन कार्बाइड होतें. त्यास त्यानें कार्बोरंडम नांव दिलें. असे कण राळेंत बांधून, त्यांत धाग्यांची जाळी घालून पातळ चकती करावयाची आणि ती भयंकर वेगानें फिरवावयाची, म्हणजे लोखंडाचा एकेक सूक्ष्म कण ओरबाडला जातो, तो हवेंत पेट घेतो, आणि ठिणग्यांचा फवारा उडतो. येथें कठीण दांताला धार लावण्याची काळजी नाहीं; चकती झिजते तसे नवे कण उघडे पडतात. ती स्वस्त आहे, आणि समोर गंजलेलें, कडक किंवा रंग दिलेलें लोखंड असलें तरी ती अडत नाहीं. हातांत धरून चालविण्याचें वेगवान कोनाकृति यंत्र १९५४ सालीं जर्मनींतील आकरमान व श्मिट ह्या कंपनीनें बाजारांत आणलें. जर्मनींत त्याला अजून ‘फ्लेक्स’ म्हणतात, महाराष्ट्रांत ‘ग्राइंडर’. त्याच वर्षीं, २५ एप्रिल १९५४ रोजीं, अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनची पहिली उपयुक्त सौर बॅटरी लोकांपुढें मांडली. सूर्यप्रकाशांतील सुमारें सहा टक्के शक्तीचें ती विजेंत रूपांतर करी. एकाच वर्षीं जन्मलेल्या ह्या दोन वस्तूंची गांठ पुढें घराघरांच्या गच्चीवर पडणार आहे, हें तेव्हां कोणाच्या ध्यानींमनीं नसेल.

नाशिकमध्यें ही गांठ कशी पडली, हें पाहण्यासारखें आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; मग सातपूर आणि पुढें अंबड येथें कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९६४ पासून ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची कामगिरी नाशिकच्या हातांना परिचित झाली. सिडकोनें नवें नाशिक वसविलें. महामार्गाच्या अलीकडे-पलीकडे वस्ती वाढत गेली. शेतांच्या जागीं इंदिरानगरचे बंगले, रांगेचीं घरें आणि अपार्टमेंट उभीं राहिलीं. ह्या सर्व घरांना खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचे कठडे, फाटकें आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या शेड लागल्या. तीं कामें करणारा फॅब्रिकेटर वसाहतीच्या वळणावरच दुकान मांडून बसला. त्याच्या दुकानापुढें जमिनीवर ठेवलेलें चौदा इंची चकतीचें यंत्र, म्हणजे चॉप सॉ, आणि हातांतील ग्राइंडर, हीं त्याचीं दोन दैवतें झालीं.

ह्यांत त्याची चूक कांहींच नव्हती. ग्रिलचा पाईप साधा, मुलामा नसलेला. ठिणग्यांच्या चकतीनें कापल्यावर त्याची कड निळी पडली, तिला बोरें राहिलीं, तरी पुढें ती वेल्डिंगनें वितळूनच जावयाची असते. वर रेड ऑक्साइडचा हात आणि ऑइलपेंट बसतो, आणि दर दोन-चार दिवाळ्यांनीं घरमालक तो पुन्हां देतो. ग्रिलला ही करवत शोभलीच. सौर संचाचें काम आलें तेव्हां तोच फॅब्रिकेटर, तेंच यंत्र आणि तोच सराव घेऊन गच्चीवर चढला. फरक पडला तो धातूमध्यें. सांगाड्याचा पाईप मुलाम्याचा असतो, तो वेल्डिंगनें नव्हे तर नटबोल्टनें जोडावयाचा असतो, आणि एकदां वर पॅनेल बसले कीं पंचवीस वर्षें तेथें ब्रश घेऊन कोणी जात नाहीं.

लोखंडावर जस्त चढविण्याची कृति स्तानिस्ला सोरेल ह्यानें १८३७ सालीं पॅरिस येथें पेटंट केली. वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडवून काढलें म्हणजे त्यावर जस्ताचा थर बसतो. सौर सांगाड्यासाठीं हा थर ऐंशी मायक्रॉनच्या घरांत असावा अशी अपेक्षा धरतात, म्हणजे मिलिमीटरच्या बाराव्या हिश्शाइतका. आणि अशा मुलाम्याचें भारतीय मानक आयएस ४७५९ हें आहे. ह्या थराचा गुण केवळ झांकण्याचा नाहीं. ओल आली कीं जस्त आधीं स्वतः झिजतें आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला वांचवितें. त्यामुळें दोन मिलिमीटर जाडीचा पाईप स्वच्छ कापला, तर कापलेल्या तोंडाचें उघडें लोखंड दोन्ही बाजूंच्या जस्ताच्या आसऱ्यानें पुष्कळ काळ तग धरूं शकतें. परंतु जस्त ४१९ अंश सेंटिग्रेडला वितळतें आणि ९०७ अंशांला त्याची वाफ होते. ठिणग्यांची चकती कडेला ह्याहून अधिक तापविते. कडेलगतचें जस्त तेथल्या तेथें उडून जातें, निळाकाळा पट्टा उरतो, आणि ज्या रक्षकानें तोंड सांभाळावयाचें तोच कडेपासून मागें सरतो. जस्ताचा तो पांढरा धूर श्वासांत गेला तर कारागिराला रात्रीं थंडी वाजून ताप भरतो. धातुकामांत ह्या तापाची ओळख जुनी आहे.

ठिणग्यांचें दुसरें कृत्य ह्याहून फसवें आहे. उडालेला प्रत्येक कण म्हणजे जळतें लोखंड. तो गच्चीवरच्या रंगीत पत्र्यावर पडला तर रंगांत रुतून बसतो. शेजारीं ठेवलेल्या पॅनेलच्या कांचेवर पडला तर तिला चिकटतो, आणि पुसून जात नाहीं. त्या दिवशीं कांहींच दिसत नाहीं. पहिल्या पावसानंतर मात्र पत्र्यावर तांबूस पुरळ उठल्यासारखे ठिपके दिसूं लागतात, आणि घरमालक पत्र्याच्या कारखानदाराला दोष देतो. असे पत्रे करणारे कारखानदार त्यावर वा त्याच्याजवळ घांसणाऱ्या चकतीनें कापूं नये असें बजावतात, तें ह्याचसाठीं.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू ह्या दोघां तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेनें तें काढण्याची एकच रीति शोधली, आणि सोन्याच्या मोलाचा हा धातु भांड्याकुंड्यांत आला. तो गंजत नाहीं म्हणून सौर संचाच्या पट्ट्यांसाठीं आवडता आहे. परंतु तो मऊ आणि ६६० अंशांलाच वितळणारा. लोखंडाच्या चकतीनें तो कापावयास घेतला तर चकतीच्या कणांमधील पोकळी त्याच्या लोळ्यानें भरून जाते. मग ती कापीत नाहीं, नुसती घांसते आणि तापते. तापलेली चकती फुटूंहि शकते. शिवाय एकाच यंत्राखालीं ॲल्युमिनियमचा बारीक कीस आणि गंजलेल्या लोखंडाची धूळ सांचूं देणें आगीच्या दृष्टीनें धोक्याचें, कारण ह्या दोहोंच्या मिश्रणानेंच रेल्वेचे रूळ वितळवून जोडतात. ॲल्युमिनियमला बारीक व पुष्कळ दांतांची कार्बाइडची चकती, आणि दांतांना थोडें मेण, हा जुना आणि बरोबर उपाय आहे.

आतां यंत्रांच्या वेगाचा हिशेब पाहूं जातां सगळा भेद स्पष्ट होतो. चौदा इंची, म्हणजे ३५५ मिलिमीटर व्यासाची घांसणारी चकती मिनिटास सुमारें ३,८०० फेरे घेते. तिची कड सेकंदास सत्तर मीटर, म्हणजे तासाला अडीचशें किलोमीटर धांवते. त्याच व्यासाची कार्बाइडच्या दांतांची चकती ज्या यंत्रावर बसते, तें यंत्र मिनिटास तेराशें ते पंधराशें फेऱ्यांचें असतें. वेग तिपटीनें कमी, पण प्रत्येक दांत आपला घांस घेऊन जातो आणि उष्णता त्या किसाबरोबरच बाहेर पडते. कापलेलें तोंड हाताला कोमट लागतें. बँडसॉचा पट्टा तर मिनिटाला साठ-ऐंशी मीटरच चालतो. त्याला ठिणगी जवळजवळ ठाऊकच नाहीं. दिसावयास हीं चौदा इंची यंत्रें जुळ्या भावांसारखीं दिसतात, आणि घोटाळा नेमका तेथेंच होतो. दांतांची चकती महाग म्हणून यंत्र जुनेंच ठेवून त्यावर नवी चकती चढविण्याचा मोह पडतो. ३,८०० फेऱ्यांच्या धडकेंत कार्बाइडचे दांत सुटतात आणि गोळीसारखे उडतात. चकतीवर तिच्या कमाल वेगाचा आंकडा छापलेला असतो. लांकडाची दांतेरी चकती हातांतल्या ग्राइंडरवर लावण्याचा प्रकार तर ह्याहून भयंकर. चार इंची ग्राइंडर मिनिटास अकरा हजार फेरे घेतो, दांत अडकला कीं यंत्र उसळून कारागिराच्याच अंगावर येतें. कापतांना दिसावें म्हणून ग्राइंडरचें संरक्षक कवच काढून टाकण्याची खोडहि पुष्कळ ठिकाणीं दिसते.

मग दांतांची करवत गच्चीवर इतकी उशिरा कां आली? तिचें कारण मूर्खपणा नव्हे, वजन होय. बँडसॉ आणि गार करवत हीं कारखान्याच्या जमिनीवर रुतून बसणारीं यंत्रें. तीं चार मजले चढवून नेणार कोण? ग्राइंडर पिशवींत मावतो. बॅटरीवर चालणारें हातयंत्र पहिल्यानें १९६१ सालीं अमेरिकेंत निघालें, पण त्याची शक्ति बेताची. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली, आणि २००५ च्या सुमारास ती मोठ्या हातयंत्रांत येऊं लागली. तेव्हांपासून हातांत धरून चालविण्याचा बँडसॉ आणि दीडशें मिलिमीटरच्या आंतबाहेरच्या चकतीची धातु-करवत हीं खरोखर हातांत मावूं लागलीं. चाळीस किंवा साठ मिलिमीटरचा पाईप असा बँडसॉ शांतपणें कापतो. जागच्या जागीं उभा असलेला खांबहि त्याला कापतां येतो. मागें-पुढें धावणारी करवत, जिचा जन्म १९५१ चा, ती मोडतोडीच्या कामाची. नव्या सांगाड्याची कड तिनें सरळ येत नाहीं.

ह्या सर्वांत स्वस्त कोणतें, असें विचारलें तर उत्तर ग्राइंडरच आहे, आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. दांतांच्या एका चकतीच्या किमतींत घांसणाऱ्या कितीक चकत्या येतात. परंतु दांतांची चकती शेंकडों तोंडें कापते, बोरें घांसून काढण्याचा वेळ वांचविते, आणि पाईपाची लांबी अखेरपर्यंत अचूक ठेवते. घांसणारी चकती प्रत्येक कापासरशीं लहान होत जाते. दिवसाकाठीं दोन-तीन तोंडें कापणाऱ्याला साधा हॅक्सॉ आणि बत्तीस दांतांचें पातें पुरें आहे, हें सांगावयास यंत्रविक्रेता तयार होणार नाहीं. रोज घरोघर संच उभारणाऱ्यानें बॅटरीचा बँडसॉ घ्यावा. आणि ज्याचें काम शेंकडों किलोवॅटचें आहे त्यानें गच्चीवर कापूंच नये. अंबडमध्यें पट्ट्याच्या करवतीवर सगळे तुकडे मापानें कापून, भोकें पाडून, मग ते जस्तांत बुडवून आणणें हाच राजमार्ग होय. मुलामा शेवटीं दिला म्हणजे कापलेलें तोंडहि मुलाम्याखालीं जातें. मोठ्या सौर प्रकल्पांत, जसा धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ सालीं उभा राहिला, तेथें हजारों खांब जागेवर कापीत बसणें शक्यच नसतें. घराच्या गच्चीवर मात्र कठडा वांकडा असतो, पाण्याची टाकी आड येते, उतार मोजमापाशीं जुळत नाहीं. दोन-चार कापे तेथें करावे लागतातच.

त्या दोन-चार काप्यांना पाईप शिकंज्यांत घट्ट धरावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि पॅनेल अजून खोक्यांतच असावेत. कापलेलें तोंड कानशीनें साफ करून त्यावर जस्ताची भुकटी असलेला रंग दोन हात द्यावा. हा रंग वाळावयास लागणारा वेळ कारागिराच्या चहाच्या वेळेंत सहज बसतो. आणि ठिणगीची चकती वापरण्यावांचून गत्यंतरच नसेल, तर पाईप खालीं अंगणांत नेऊन कापावा, पत्र्यापासून आणि मोटारगाडीपासून दूर. ठिणगीचा कण जेथें पडला तेथेंच रुततो. दांतांच्या करवतीचा कीस गच्चीवर सैल पडलेला असतो. संध्याकाळीं केरसुणीनें तो गोळा होतो आणि एका पत्र्याच्या डब्यांत मावतो.